सासरेबुवांच्या वेलांट्या

"दहा मिनिटांचं काम आहे," असं साडू म्हणाले, आणि लिनक्सराव चिडले.

काम असं होतं. सासरेबुवा घड्याळजी. चाळीस वर्षं एकाच गल्लीच्या तोंडाशी, एका खिडकीएवढ्या दुकानात बसून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि कुठल्या घड्याळाला काय झालं होतं, ते कसं बरं केलं, हे रोज संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. आता त्यांच्या एका डोळ्याने जवळजवळ राजीनामा दिला होता आणि दुसरा नोटीस पिरियडवर होता. त्या वह्या इंटरनेटवर याव्यात, कोणाच्या तरी उपयोगी पडाव्यात, असं दोन्ही मुलींना वाटत होतं. धाकटी मुलगी म्हणजे लिनक्सरावांची बायको. थोरलीचा नवरा म्हणजे साडू.

साडूंनी खिशातून फोन काढला. "फुकट सेवा आहे. नाव टाका, फोटो टाका, झाला ब्लॉग. मी मागच्या आठवड्यात आमच्या कुत्र्याचा काढला."

"ते परक्याच्या घरात राहणं झालं," लिनक्सराव म्हणाले. "उद्या त्याने बाहेर काढलं तर? बाबांचं लिखाण आपल्या मशीनवर, आपल्या सॉफ्टवेअरवर असलं पाहिजे. ज्याचा प्रत्येक स्क्रू उघडून बघता येतो, असं सॉफ्टवेअर."

स्क्रू हा शब्द या घरात त्यांनी वापरायला नको होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी सासरेबुवांचं टेबलावरचं घड्याळ कुतूहलापोटी उघडलं होतं, आणि परत बंद केलं तेव्हा एक स्क्रू उरला होता. सासरेबुवा त्यावर आजवर काही बोलले नव्हते. पण न बोलण्याचे किती प्रकार असतात, ते जावयाला तेव्हा कळलं.

"एक महिना," बायकोने निकाल दिला. ती शाळेत गणित शिकवायची आणि मुदत या गोष्टीवर तिचा विश्वास होता. "महिन्यात झालं तर ठीक. नाहीतर वह्या ताईकडे जातील."

आता लिनक्सरावांबद्दल थोडं सांगायला हवं. हे त्यांचं खरं नाव नव्हे हे उघड आहे. ते नोंदणी कार्यालयात छाननीच्या टेबलावर होते. लोकांचे अर्ज तपासायचे आणि 'त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे' असा शेरा मारून परत पाठवायचे, हे काम ते बावीस वर्षं मनापासून करत होते. घरी मात्र ते दुसरेच गृहस्थ होते. घरातला कॉम्प्युटर कोणालाही उघडून बघता-बदलता येणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालायचा. आलेला पाहुणा चपला काढायच्या आत त्याला लिनक्स म्हणजे काय ते समजावलं जायचं. इमारतीतल्या निम्म्या लोकांनी हे व्याख्यान दोनदा ऐकलं होतं, म्हणून तर हे नाव पडलं.

पहिले आठ दिवस ब्लॉगचं सॉफ्टवेअर निवडण्यात गेले. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एका कामासाठी एकच वस्तू कधीच नसते. चौतीस असतात, आणि प्रत्येकीच्या बाजूने व विरुद्ध भांडणारी माणसं असतात. लिनक्सरावांनी तक्ता केला. चौतिसातून सात, सातातून दोन आणि दोनातून पुन्हा पाच झाल्या. शेवटी त्यांनी एक निवडली. कोण्या दूरच्या देशातली मूठभर माणसं ती फावल्या वेळात चालवत होती. छोटी, सुटसुटीत, आणि आतलं सगळं उघडं.

मग मशीनला जागा. जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. त्याचा पंखा असा आवाज करायचा की बायकोने त्याला दिवाणखान्यात प्रवेश नाकारला. स्वयंपाकघरात वाफ, बेडरूमचा प्रश्नच नव्हता. राहिलं दाराजवळचं चपलांचं कपाट. त्याला हवा खेळायला जाळीही होती. मशीन कपाटात गेलं आणि चपला बाहेर, जिन्यातल्या मोकळ्या जागेत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात हजर. हे गृहस्थ तळमजल्यावर राहत, आणि जिना ही आपली खाजगी मालमत्ता असून इतरांना ती वापरू दिली आहे, अशा भावनेने वागत.

"सामायिक जागेत नऊ जोड," ते म्हणाले. "मोजलेत मी."

"आत सर्व्हर बसवलाय."

"कोणाला वाढायला?"

लिनक्सरावांनी त्यांना आत बोलावून कपाट उघडून दाखवलं आणि व्याख्यान सुरू केलं. सेक्रेटरींनी अर्ध्यावर थांबवून विचारलं, "याने पाण्याच्या पंपावर लोड येईल का?" नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "तसं लेखी द्या." लिनक्सरावांनी लेखी दिलं. त्यात सही करायची राहिली म्हणून ते परत आलं. बावीस वर्षांत अर्ज परत येण्याची ही बाजू त्यांनी पहिल्यांदाच पाहिली, आणि ती त्यांना अजिबात आवडली नाही.

त्यानंतर इंटरनेट कंपनीचं कार्यालय. घरातलं मशीन बाहेरच्या जगाला सापडायचं तर त्याला कायमचा पत्ता लागतो, आणि तो कंपनी देते. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "कशासाठी हवाय?"

"ब्लॉगसाठी."

"कुठला ब्लॉक?"

"ब्लॉक नाही, ब्लॉग."

"ए का बी?"

तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत त्यांचं घर ए ब्लॉकमध्ये हलवलं गेलं आणि घरचं नेट दोन दिवस बंद पडलं. दुसऱ्या फेरीत ते परत जागेवर आलं. तिसऱ्या फेरीत लिनक्सरावांनी कागदावर मोठ्या अक्षरात 'सासऱ्यांचं लिखाण' असं लिहून नेलं. बाईंनी ते वाचलं, पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाल्या, "मग आधी सांगायचं ना." पाच मिनिटांत पत्ता मिळाला. बाईंचे सासरेही रोजची कीर्द लिहायचे म्हणे, कोणी वाचलीच नाही.

या सगळ्या काळात खरं काम बायको करत होती. रोज शाळा सुटल्यावर ती वडिलांकडे जायची. ते वाचून दाखवायचे, ती टाइप करायची. अक्षर लागत नसेल तिथे सासरेबुवा आठवणीने सांगायचे. चार वह्या झाल्या. शंभरावर टिपणं. प्रत्येकाला सासरेबुवांनी स्वतः दिलेलं शीर्षक.

महिना संपायला दोन दिवस असताना, रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं. सासरेबुवा खुर्चीत, डोळ्याला भिंग. थोरली मेहुणी, साडू, आणि जिन्यात चाहूल लागल्यामुळे सेक्रेटरीही. लिनक्सरावांनी सगळी टिपणं एकदम चढवली आणि पान उघडलं.

वर सासरेबुवांचं नाव. त्याखाली अनुक्रमणिका.

सासरेबुवा स्क्रीनला नाक लावून वाचू लागले. "मठ... कट... ढल."

साडूंनी मान लांब करून स्क्रीनकडे पाहिलं.

"भतवरच घडयळ," त्यांनी पुढे वाचलं. "लबकच गठ. सफसफई." भिंग काढून त्यांनी जावयाकडे पाहिलं. "ही कुठली भाषा?"

मूळ शीर्षकं होती 'मोठा काटा ढिला', 'भिंतीवरचे घड्याळ', 'लंबकाची गाठ' आणि 'साफसफाई'. शीर्षकावरून अनुक्रमणिका आणि पानांचे पत्ते तयार करताना त्या सॉफ्टवेअरने सगळे काने, मात्रा, वेलांट्या, उकार आणि अनुस्वार झाडून टाकले होते. एकही वाचला नव्हता.

"मठात कट?" सेक्रेटरी पुढे झाले. "हे काही सांकेतिक वगैरे नाही ना? सोसायटीचा पत्ता आहे यावर."

साडू हसू दाबून खिडकीबाहेर बघत राहिले, आणि लिनक्सरावांना तेच जास्त लागलं.

सासरेबुवा उठले. "चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला काटा काढून घड्याळ परत दिलं नाही मी," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही माझ्या अख्ख्या चार वह्यांचे काने काढलेत, जावईबापू." आणि थोरलीला म्हणाले, "वह्या घे."

वह्या गेल्या. बायकोने चपलांचं कपाट उघडलं, मशीनकडे पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. नऊ जोड बाहेरच राहिले.

सोमवारी सकाळी कार्यालयात जाण्याआधी त्यांनी सॉफ्टवेअरची आतली पानं उघडली. उघडता येत होती, हीच तर त्यांची बढाई होती. तासाभरात दोष सापडला. शीर्षक साफ करण्यासाठी तिथे एक चाळणी होती. तिचा नियम एका ओळीचा. अक्षर असेल तर ठेवा, आकडा असेल तर ठेवा, बाकी सगळा कचरा. आणि ज्यांनी हा नियम लिहिला त्यांच्या भाषेत वेलांटी नव्हती. कॉम्प्युटरच्या लेखी वेलांटी म्हणजे अक्षर नव्हे, अक्षराला लागणारी खूण. म्हणून ती कचऱ्यात गेली.

लिनक्सरावांनी ती ओळ बदलली. त्यांच्या मशीनवर वेलांट्या परत आल्या. एखादा माणूस इथे थांबला असता. पण कार्यालयात छाननीच्या टेबलावर बसलेला माणूस दोष दिसला की तो नोंदवल्याशिवाय उठत नाही. त्यांनी त्या दूरच्या देशातल्या मंडळींना रीतसर कळवायचं ठरवलं. पत्राची सुरुवात त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की' याच्या जवळात जवळ जाणाऱ्या इंग्रजीत केली आणि सोबत आपली दुरुस्ती जोडली.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्या प्रकल्पाची देखरेख करणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं, आभार, पण दोष आमच्याकडे दिसत नाही. कसा दिसतो ते पायरीपायरीने लिहून पुन्हा पाठवा.

लिनक्सरावांनी ते तीनदा वाचलं. मग बायकोला वाचून दाखवलं.

"म्हणजे त्रुटी पूर्तता करून फेरसादर करा," बायको म्हणाली. महिन्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात काहीतरी खुसखुसलं.

"मी बावीस वर्षं या कामात आहे," लिनक्सराव म्हणाले. "पूर्तता म्हणजे काय ते मला शिकवू नये कोणी."

त्यांनी पायऱ्या लिहिल्या. दुरुस्ती पुन्हा परत आली. आता त्यासोबत चाचण्या हव्या होत्या. कोणतं शीर्षक आत गेलं की कोणतं बाहेर यायला हवं, याची यादी. लिनक्सरावांचा पारा चढला. बायकोने मात्र एक कोरी वही ओढली. शंभरावर शीर्षकं तिने स्वतः टाइप केलेली होती. तिने तीन रकाने आखले. डावीकडे जे आहे ते, उजवीकडे जे यायला हवं ते, आणि मध्ये सध्या जे येतं ते लाल शाईने. 'मठ कट ढल' लिहिताना ती हसली, आणि मग दोघं बराच वेळ हसत राहिले. कारण 'चावीचे दात' याचं 'चवच दत' झालं होतं आणि 'दाढीवाले गिऱ्हाईक' या टिपणाचं काय झालं होतं ते मोठ्याने वाचवत नव्हतं.

चाचण्या गेल्या. तिसऱ्यांदा परत. देखरेखीच्या बाईंचं म्हणणं, दुरुस्ती चांगली आहे, पण याने दुसऱ्या भाषांचं काही बिघडणार नाही ना? खात्री करा.

लिनक्सरावांना मनातून एक गोष्ट कळली होती आणि ती कोणाला सांगायची नव्हती. हाच प्रश्न त्यांनीही विचारला असता. अर्ज बरोबर आहे, पण शेजारच्या प्लॉटवर परिणाम होत नाही ना, हे तेही बघायचे. ती बाई त्यांना त्रास देत नव्हती. ती छाननी करत होती, आणि चांगली करत होती.

त्यांनी प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर जाहीर विचारलं, ज्यांच्या लिपीत अक्षराला खुणा लागतात त्यांनी कृपया तपासून बघावं. दोन दिवस काही नाही. मग एकाने लिहिलं. तो कुठला ते कळलं नाही, लिपी गोल गोल होती. "आमच्याही खुणा सहा वर्षं जात आहेत. आम्हाला वाटलं, असंच असतं." मग दुसरी आली. मग एकदम पाच. कोणी कवितांचं पान चालवत होती, कोणी गावच्या ग्रंथालयाचं. प्रत्येकाने आपापली शीर्षकं घालून पाहिली, आणि प्रत्येकाच्या खुणा शाबूत राहिल्या. लिनक्सराव त्या दिवशी कार्यालयात उशिरा पोचले आणि आल्याआल्या त्यांनी तीन अर्ज एकही शेरा न मारता मंजूर केले. शेजारच्या टेबलावरच्याने त्यांच्या तब्येतीची चौकशी केली.

इकडे साडूंचा ब्लॉग खरोखरच दहा मिनिटांत झाला होता. दिसायलाही देखणा. वेलांट्या जागच्या जागी. थोरलीने वडिलांना दाखवला, आणि त्यांनी भिंग लावून पहिलं टिपण वाचायला घेतलं. जुन्या लंबकाला पुन्हा जीव कसा आणायचा, याची ती कृती होती. तिसऱ्या परिच्छेदाच्या मधोमध एक चौकट उघडली, तिच्यात चकचकीत मनगटी घड्याळ फिरत होतं, आणि खाली लिहिलं होतं, 'बॅटरीवर चालतं. बिघडलं? फेकून द्या, नवीन घ्या.'

"ही जाहिरात असते," साडू म्हणाले. "फुकट आहे ना, म्हणून येते."

"काढता येईल?"

"आपल्या हातात नाही ते. त्यांचं आहे सगळं."

सासरेबुवा उठले, वह्या पिशवीत भरल्या, आणि काठी टेकत टेकत, तिसरा मजला चढून, नऊ जोडांना वळसा घालून जावयाच्या दारात उभे राहिले. दार बायकोने उघडलं. बाप इतके जिने चढून आला म्हटल्यावर तिला काळजी वाटली. ते तिच्याकडे न बघता आत आले.

"काय बिघडलं होतं?" त्यांनी जावयाला विचारलं.

लिनक्सरावांनी व्याख्यान सुरू केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी स्क्रीनवर ती एक ओळ मोठी करून दाखवली. "ही चाळणी, बाबा. हिला अक्षरं कळत होती, खुणा कळत नव्हत्या. खुणा म्हणजे धूळ, असं वाटून काढून टाकायची."

सासरेबुवांनी भिंग लावलं. बराच वेळ ती ओळ पाहिली, जशी ते एखाद्या चाकाकडे बघायचे. "म्हणजे साफ करणाऱ्याने साफ करता करता दातेच घासून टाकले."

"अगदी तसंच."

"होतं असं. नवशिक्यांकडून होतं." ते ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, "आणि आता तुम्ही काय केलंत?"

"चाळणीची भोकं बदलली. खुणाही राहतील एवढी."

"बाकी काही हललं नाही ना?"

"सात लिप्यांमध्ये तपासलंय. त्यांच्या बाई तपासल्याशिवाय घेत नाहीत."

"बाई शहाणी आहे," सासरेबुवा म्हणाले आणि खुर्चीत बसले. वह्यांची पिशवी त्यांनी टेबलावर, मशीनच्या बाजूला ठेवली.

चार दिवसांनी, शनिवारी दुपारी, पत्र आलं. दुरुस्ती स्वीकारली. नव्या आवृत्तीत ती जगभर गेली. सोबत यादी होती, या आवृत्तीत कोणी काय केलं त्याची. सातव्या ओळीवर लिनक्सरावांचं खरं नाव होतं, आणि त्याच ओळीत, त्यांनी आग्रहाने घालायला लावलेलं, चाचण्या लिहिणारी म्हणून बायकोचं. बायकोने ते पान शाळेच्या शिक्षक खोलीत लावलं. लिनक्सरावांनी सेक्रेटरींना नेऊन दाखवलं. सेक्रेटरींनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यात इमारतीचं नाव नाही." पण त्याच संध्याकाळी चपलांसाठी जिन्यातला एक कोपरा लेखी मंजूर झाला. सहीसकट.

रविवारी पान पुन्हा उघडलं. 'मोठा काटा ढिला.' 'भिंतीवरचे घड्याळ.' सासरेबुवांनी मोठ्याने, सावकाश, सगळी अनुक्रमणिका वाचली. साडूंनी नंतर लिनक्सरावांना बाजूला घेऊन विचारलं, त्यांच्या कुत्र्याच्या ब्लॉगवर हल्ली मांजरांच्या खाद्याची जाहिरात येते, त्याचं काही करता येईल का. लिनक्सराव म्हणाले, "मशीनमध्ये जागा आहे. अर्ज करा." साडूंनी खरंच अर्ज लिहून आणला.

दोन आठवडे वाचणारे म्हणजे घरचेच होते. मग एका लहान गावातल्या ग्रंथपाल बाईंचा निरोप आला. त्यांच्या वाचनालयातलं भिंतीवरचं घड्याळ नऊ वर्षं बंद होतं. दुसऱ्या वहीतलं टिपण वाचून त्यांनी ते स्वतः उघडलं. आता चालतंय, ठोकेही देतंय. वाचक घरी जायची वेळ झाली की कळतं. पुढे त्यांनी भीत भीत लिहिलं होतं, चौथ्या पायरीत स्क्रू डावीकडे फिरवा असं आहे, तो उजवीकडे हवा. डावीकडे फिरवल्यावर तो खाली पडला आणि शोधायला एक दुपार गेली.

लिनक्सरावांनी हे चाचरत चाचरत वाचून दाखवलं. सासरेबुवांची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं घरात मानलं जायचं. बायकोने हातातलं काम थांबवलं.

सासरेबुवांनी दुसरी वही मागितली. पान काढलं. भिंग लावलं. मग डोळे मिटून, हवेत, दोन बोटांनी एक न दिसणारा स्क्रू फिरवून पाहिला. एकदा डावीकडे. एकदा उजवीकडे. पुन्हा उजवीकडे.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले.

"चाळीस वर्षं हात बरोबर फिरवत होता आणि चूक लिहून ठेवली. वहीत राहिली असती तर कोणाला कळलीच नसती." त्यांनी वही मिटली आणि जावयाकडे वळले. "तुमच्यात ही दुरुस्ती कशी घेतात?"

"आपण तपासायची, बाबा. पटली तर घ्यायची. आणि ज्याने सुचवली त्याचं नाव खाली लिहायचं."

"मग घ्या. मी तपासलीय." ते खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आले. "नाव घाला बाईंचं. आणि त्याच्या वर तुमचं आणि पोरीचं घाला. तुमच्याशिवाय ते घड्याळ चाललं नसतं."

लिनक्सराव टाइप करू लागले. सासरेबुवा भिंग लावून अगदी जवळून, एकेक अक्षर तपासत होते.

"सावकाश," ते म्हणाले. "वेलांटी बघून द्या."